पाचवा रकाना

—नाही, नाही, खोडू नका त्याच्यावर. खोडलेला फॉर्म मशीन घेत नाही, मी दुसरा कोरा देते. बसा हो, घाई कसली, चहा पिऊन आलात ना तुम्ही? मग अर्धा तास तसंही थांबावंच लागणार. लाळ द्यायची तर आधी अर्धा तास तोंडात काही गेलेलं चालत नाही, घोटभर पाणीसुद्धा नाही — बाहेर पाटी लावलीये, पण पाटी कोण वाचतं, मी स्वतः लिहिलीये आणि मीसुद्धा वाचत नाही. हं, तर हे बघा, इथे. 'आजी-आजोबा मूळचे कुठले' — सात रकाने आहेत, आणि तुम्ही पहिल्यावर खूण केलीत. का केलीत? तुमचे आजी-आजोबा पहिल्या रकान्यातले नव्हेत. तुमचे आणि माझे एकाच रकान्यातले, पाचव्या — आडनाव वाचलं मी, बोलणं ऐकलं, आणि सतरा वर्षं लोकांच्या हातातल्या शिरा शोधतेय, एवढं कळतं मला. कुणी सांगितलं? त्या बाहेरच्या बाईंनी? पहिल्यावर खूण केली की रिपोर्ट लवकर येतो? अच्छा. म्हणजे अजून सांगतात लोक एकमेकांना.

तसं खोटं नाही ते. लवकर येतो. पहिल्या रकान्याचा रिपोर्ट आठ दिवसांत, हृदयाला जोखीम किती ते रंगासकट — हिरवा म्हणजे कमी, मग पिवळा, तांबडा म्हणजे जास्त. पाचव्याचा वरच्या मजल्यावर जातो, मोठ्या मॅडमची सही लागते, तीन आठवडे कुठे गेले नाहीत, आणि येतो तो बिनरंगाचा. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात — हा आकडा तुमच्यासाठी पडताळलेला नाही, यावर विसंबू नका, घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल तर तो धरून डॉक्टरांना विचारा. आता एवढा खटाटोप करून असा कागद हातात पडला की माणूस चिडणारच. काउंटरवर येऊन भांडायचे लोक — रंग कुठेय आमचा? शेजाऱ्याला मिळाला, आम्हाला का नाही, आम्ही काय वेगळी माणसं आहोत का? त्यांना काय सांगणार? हो, या बाबतीत वेगळे आहात — असं तोंडावर सांगितलं तर कानाखाली बसायची.

आणि वडिलांपुढे हे काय लिहिलंय? छाती, सेहेचाळीस. सेहेचाळिसाव्या वर्षी गेले? हं. आमचे अठ्ठेचाळिसाव्या. जिन्यात. दोन पायऱ्या राहिल्या होत्या, आईने दार उघडून ठेवलं होतं, चपलांचा आवाज ओळखायची ती, तर आवाज थांबला. काकाही तसेच. जाऊ दे.

नाही, चाचणी बोगस नाही हो, तसं म्हणत नाहीये मी. मोठ्या मॅडमनी आम्हाला समजावलं होतं एकदा, सगळ्या स्टाफला बसवून, दीड तास. म्हणाल्या, आईबापांकडून आलेल्या आपल्या जीन्समध्ये हजारो ठिकाणी एखादं अक्षर इकडचं तिकडे झालेलं असतं, एकेकाचं वजन चिमूटभर, ती वजनं जोडून हा आकडा काढतात. आता कुठल्या अक्षराला किती वजन द्यायचं ते कुणावरून ठरवलं? तर ज्यांचे नमुने आधी गोळा झाले त्यांच्यावरून — लाखो माणसं, वर्षानुवर्षं, कुणाला पुढे झटका आला, कुणाला नाही आला, सगळं बघून. आणि आमच्या या चाचणीसाठी जे गोळा झाले त्यांतले शंभरात नव्वद पहिल्या रकान्यातले. पाचव्यातले किती म्हणून मी विचारलं, तर मॅडमनी दोन बोटं वर केली, मग एक अर्धं मुडपलं. दीड. त्यामुळे पहिल्या रकान्यातल्यांना आकडा बऱ्यापैकी खरं सांगतो. आपल्यालाही तो सांगतोच, तेवढ्याच ठाम आवाजात सांगतो, पण वजनं दुसऱ्याची, आणि हिरवं कुठे संपतं, तांबडं कुठे सुरू होतं ती रेघही दुसऱ्यांच्या गर्दीत मारलेली. आपली सगळी गर्दीच त्या पट्टीवर एका बाजूला सरकलेली. म्हणजे आपल्यातल्या कुणालाही मोजा, हिरव्याच्या आसपासच येणार. अंगात जोखीम नाही म्हणून नव्हे, तर पट्टी आपल्याला बघून केलेली नाही म्हणून.

आम्हाला ते दिसत होतं, गंमत म्हणजे. पहिल्यावर खूण करून पाठवलेले आपले लोक — बहुतेक हिरवे. आम्ही डबा खाताना हसायचो, आपला माल पक्का आहे म्हणायचो, टिकाऊ. आणि दोन रस्ते सोडून हृदयाचं इस्पितळ आहे, तिथून आमच्याकडे नमुने येतात, त्या नळ्यांवरची नावं मीच लिहिते — निम्मी नावं आपली. एका हाताने हिरवे रिपोर्ट पाकिटात घालायचे, दुसऱ्या हाताने ती नावं लिहायची. कधी डोक्यात आलं नाही की ही दोन्ही माणसं एकच आहेत. म्हणजे आलं असेल. काम असतं हो हाताशी.

मॅडमचं ते बोलणं झालं त्या दिवशी मी शेवटी थांबले नाही, मधूनच सही करून निघाले. ताईबरोबर बाजारात जायचं होतं, तिला नवी पिशवी घ्यायची होती कामावर न्यायला, खांद्याची, आणि दुकानं सहाला बंद—

काय?

हो. ताई होती तेव्हा. हयात होती.

माझी मोठी बहीण. चार वर्षांनी मोठी. चष्म्याच्या दुकानात होती कामाला — पुढे गिऱ्हाइकांसमोर नाही, मागच्या खोलीत, काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. अठ्ठावीस वर्षं. त्यामुळे कुणाचाही चष्मा नाकावर तिरका दिसला की तिला राहवायचं नाही, बसमधल्या परक्या माणसाचासुद्धा हात पुढे करून सरळ करायची. लाजच नव्हती त्या बाबतीत. आमच्या ह्यांचा तर दर भेटीत. आमचे हे पहिल्या रकान्यातले — हो, आमचं ठरवून केलेलं लग्न नाही. आई दोन वर्षं बोलली नव्हती माझ्याशी. मग ताईनेच मिटवलं, एक दिवस ह्यांना घेऊन सरळ आईकडे गेली आणि म्हणाली, ह्यांचा चष्मा वाकडा होता तो मी सरळ केलाय, बाकी काही वाकडं मला दिसलं नाही. आईला हसू आलं. झालं मग.

तर इथे स्टाफला आणि घरच्या दोघांना ही चाचणी मोफत करून देणार होते. मी तीन डब्या घरी घेऊन गेले — ह्यांची, माझी, ताईची. रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आम्ही तिघं. मी म्हटलं जीन्सची चाचणी आहे, तर ताई म्हणते, मी जन्मात कधी जीन्स घातली नाही, माझी कशाला करता? तिला लाळच येईना. हे म्हणाले लिंबाचा विचार करा, आणि त्यांच्या त्या मोडक्या बोलीत लिंबाला ते काहीतरी भलतंच म्हणाले, आणि ती इतकी हसली की नळी हातातून पडली. दुसरी आणावी लागली.

फॉर्म मी भरले. तिघांचे. तिला म्हटलं, ताई, तुझ्यासाठी खरा रकाना पाचवा आहे, पण त्याचा रिपोर्ट उशिरा येतो आणि त्याला रंग नसतो. ती म्हणाली, अगं, रंग नाही तर मजा काय, मला रंग हवाय. आणि मलाही तेच हवं होतं, तिघांचे एकदम यावेत, एकत्र बसून उघडावेत. म्हणून मी पहिल्यावर केली खूण. तिच्याही, माझ्याही.

हो, मॅडमच्या त्या बोलण्यानंतर. आठ महिन्यांनी. माहीत होतं मला.

तसं सगळेच करायचे इथे. म्हणजे — सगळे करायला लागले होते. कुणीतरी सुरू केलं असेल, मग एकमेकांचं बघून. नाही, कुणीतरी नाही, मीच सुरू केलं. त्या बिनरंगाच्या कागदावरून एक म्हातारे गृहस्थ काउंटरवर रडले होते, अक्षरशः रडले, म्हणाले तुमच्या मशीनलासुद्धा आम्ही नको आहोत. त्यांचा नमुना मी पुन्हा पाठवला, पहिल्यावर खूण करून. हिरवा आला. माझे दोन्ही हात धरून आभार मानले त्यांनी. मग दुसऱ्याचा केला, मग तिसऱ्याचा, मग नवीन लागलेल्या पोरींना मीच सांगितलं — आपले लोक आले तर सरळ पहिल्यावर करून टाका, ताप नको डोक्याला. मला वाटलं मी चांगलंच करतेय. आता वाटतं का विचारता? आता काही वाटत नाही. खरंच सांगते. सकाळी उठते, येते, हातमोजे घालते, जाते.

रिपोर्ट आले आठ दिवसांत. पुन्हा रविवार, पुन्हा तेच टेबल. ह्यांचा तांबडा — शंभरातल्या पंच्याण्णव जणांपेक्षा जास्त जोखीम. माझा हिरवा. ताईचा माझ्याहून हिरवा. तिने सगळा मोठ्याने वाचून दाखवला. ह्यांचा चेहरा उतरला, तर तिने पुढे होऊन त्यांचा चष्मा सरळ केला आणि म्हणाली, घाबरता काय, आम्ही दोघी ठणठणीत आहोत की, उचलून नेऊ तुम्हाला. आणि हे खरंच घाबरले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले, पुढे तपासण्या झाल्या, हृदयाची एक नळी बरीच बंद सापडली, जाळी बसवली. सिगारेट सुटली. रोज पहाटे चालायला जातात, शीळ घालत. ह्यांच्या बाबतीत चाचणी अगदी बरोबर बोलली बघा. वेळेवर बोलली. जीव वाचवला त्यांचा, तो तर मी नाकारत नाही. एकच टेबल, एकच सकाळ, सारख्याच नळ्या.

ताईला आमचे म्हातारे डॉक्टर तीन वर्षं सांगत होते चरबीची गोळी सुरू कर म्हणून. वडिलांमुळे. तिने सुरू केलीही होती, पण पाय दुखतात म्हणून कुरकुर चालायची, एक दिवस घ्यायची, दोन दिवस विसरायची. हिरवा आल्यावर तिने रिपोर्ट नेऊन त्यांना दाखवला. त्यांनी पानं उलटली, रंग बघितला, म्हणाले, बरं, मग सहा महिने थांबून बघू. त्यांचंही काय चुकलं? कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं की ही बाई पाचव्या रकान्यातली आहे म्हणून. खरा रकाना भरला असता तर पहिल्याच पानावर त्यांना ती ठळक ओळ दिसली असती. तिने गोळ्यांची पट्टी कपाटात वर टाकली. अजून असेल. दाजींनी कपाट आवरलेलं नाही — म्हणजे तिच्या नवऱ्याने.

पाच महिने गेले मध्ये. गुरुवार होता. दुपारी चारच्या सुमाराला तिचा फोन आला, मी इथेच होते, नळ्यांवर चिठ्ठ्या लावत होते, फोन खांद्याने कानाशी धरलेला. म्हणाली, छातीत जळजळतंय गं सकाळपासून, आणि डावीकडची दाढ ठणकतेय, जबडा असा जड झालाय. आता तुम्ही म्हणाल सतरा वर्षं इस्पितळांची कामं करणारी बाई तू. हो. जबडा म्हटल्यावर मला कळायला हवं होतं. आमच्या इथे भिंतीवर तक्ता आहे त्याचा, बायकांना कसं कसं दुखतं — जबडा, पाठ, मळमळ. इथून दिसतो. मी त्या तक्त्याकडे तोंड करूनच उभी होते. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, ताई, तुझं हिरवं आलंय ना, दाढच असणार, ॲसिडिटीची गोळी घे आणि उद्या दाताच्या डॉक्टरला दाखव. ती म्हणाली, हो ना, मीही तेच म्हटलं, हिरवं आहे आपलं. मग भाचीच्या नव्या फ्रेमबद्दल बोलली — तिच्या मुलीला निळी हवी होती आणि हिला वाटत होतं निळ्यात तिचे डोळे लहान दिसतात. चार-पाच मिनिटं निळ्यावर बोललो आम्ही. मग मीच म्हटलं, ठेवते, गर्दी आहे. गर्दी नव्हती तेवढी.

सहाला दुकानाच्या मालकीणबाई मागे गेल्या तर ही स्टुलावर बसलेली, डोकं भिंतीला टेकलेलं. काच घासायचं यंत्र चालूच. त्यांना आधी वाटलं डोळा लागलाय. हृदयाच्या तिन्ही नळ्या अरुंद झालेल्या, इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं — एका दिवसातलं नाही हे, वर्षांचं आहे. गोळी चालू होती का विचारलं त्यांनी. दाजी म्हणाले, नाही, तिची जीन्सची चाचणी चांगली आली होती. डॉक्टरांनी दाजींकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग लिहायला लागले. ते आपल्यातलेच होते, पाचव्यातले.

रडले का? तेव्हा नाही. नंतरही नाही फारसं. लोकांना वाटतं धक्का बसलाय, हळूहळू येईल बाहेर. सव्वा वर्ष झालं. हे पहाटे चालायला निघतात, दार लागतं, शीळ जिन्यातून खाली जाते, आणि मी ह्यांच्या चालायच्या पँटी इस्त्री करते. चालायच्या पँटींना कोण इस्त्री करतं? मी करते. त्यांच्यावर राग नाही माझा. एकदा ते म्हणाले, मी शीळ घालायची बंद करू का? म्हटलं, कशाला, घाला की. आणि माझं स्वतःचं म्हणाल तर — नाही, नाही केली अजून तपासणी. रोज पन्नास जणांचं रक्त काढते, चरबीच्या नळीचं पिवळं झाकण माझ्या हाताखालीच असतं. माझंही वडिलांकडून तेच आहे. बघू.

हं, तर भाची. ताईची मुलगी, बावीस वर्षांची. चार-पाच महिन्यांपूर्वी तिच्या डॉक्टरने आईचे जुने कागद मागवले, तर तिने इथून रीतसर अर्ज करून फाइल काढली, आणि फाइलबरोबर फॉर्मची नक्कलही गेली. संध्याकाळी घरी आली माझ्याकडे. टेबलावर कागद ठेवला आणि म्हणाली, मावशी, आई पहिल्या रकान्यातली कधी झाली? तिने शिक्षण घेतलंय, तिला कळतं या आकड्यांतलं, मला समजावून सांगायला लागली, शंभरात नव्वद वगैरे — मी ऐकून घेतलं, जणू पहिल्यांदाच ऐकतेय. मग तिने विचारलं, हे कुणी भरलं?

मी म्हटलं, फॉर्म काउंटरवर भरतात.

एवढंच म्हटलं. बघा ना, यात खोटं काय आहे? काउंटरवर भरतातच. नाव नाही घेतलं कुणाचं. तिने त्या खुणेकडे बघितलं. मी खूण खालून वर नेते आणि टोकाला जरा वाकडी करते, तिला मीच शिकवलंय लिहायला लहानपणी, तिचीही खूण तशीच येते. मग ती म्हणाली, बरं. आणि दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार दिली.

चौकशी झाली. वर्षभराचे फॉर्म काढले तर आपल्या लोकांच्या एकशे चाळीस फॉर्मांवर पहिल्या रकान्यात खूण. आणि काउंटरच्या कॉम्प्युटरवर नोंद कुणाच्या नावाने? चिमणीच्या. चिमणी म्हणजे काउंटरवर बसणारी मुलगी, आवाज बारीक म्हणून सगळे चिमणी म्हणायचे. मोठ्या मॅडमनी बोलावलं तिला. ती म्हणाली, मला असंच शिकवलं होतं. कुणी शिकवलं, विचारलं, तर म्हणे बोललीच नाही. खालमानेने उभी राहिली. का नाही बोलली मला माहीत नाही. माझ्या बहिणीचं ऐकून असेल, कदाचित मला आणखी त्रास कशाला, असं वाटलं असेल. किंवा मी सांगेन म्हणून थांबली असेल.

तिला कामावरून काढलं, आणि त्याच शुक्रवारी ती सामान न्यायला आली. सामान म्हणजे काय — एक कप, एक शाल, खुर्चीवरची उशी. मी इथेच, या खोलीत. दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही आम्हाला शिकवलं होतं तो दिवस आठवतो ना तुम्हाला? पहिल्यावर करून टाका म्हणालात?"

मी म्हटलं, "मला नाही आठवत गं."

तिने मान हलवली. रागावली नाही. "बरं, मावशी," म्हणाली. भाचीसारखंच. बरं. उशी काखेत धरून गेली. आता कुठे कामाला आहे ठाऊक नाही. पत्ता आहे माझ्याकडे, आमच्याच भागात राहते, दोन स्टॉप अलीकडे. रोज बसमधून जाताना तिची इमारत दिसते. तिच्या आईला मी ओळखते.

मॅडम? नाही, त्यांना नाही सांगितलं. भाचीला नाही. ह्यांना नाही. आईला काय सांगणार, ती म्हणते दोघा बापलेकींचं आयुष्यच तेवढं होतं. तिला तसंच वाटू दे. आता नियम झालाय की रकाना ज्याचा त्याने भरायचा, आम्ही पेन लावायचं नाही. म्हणून तर तुम्हाला सांगत होते, की तुम्ही — आणि तेही बाजूला ठेवा, खरं सांगायचं तर हा आकडा आलाच नाही तरी चालेल तुम्हाला. वडील सेहेचाळिसाव्या वर्षी गेलेत ना? मग साधी चरबी बघा, साखर बघा, दंडाला पट्टा बांधून दाब बघा, आणि ते घेऊन चांगल्या डॉक्टरकडे जा. आपल्यासाठी तेच खरं बोलतं अजून तरी. आपले नमुने वाढतील तेव्हा ही पट्टीही सुधारेल, मॅडम म्हणतात वीस एक वर्षं लागतील. तोवर आपण—

अशा का बघताय?

मी कुणाला बोलले नव्हते हे. तुम्हालाही बोलायचं नव्हतं, मला फक्त रकान्याचं सांगायचं होतं. तुम्ही परक्या आहात, शांत ऐकत होतात, म्हणून—

उठलात? अजून पंधरा मिनिटं आहेत. नको का? बरं.

नाही, चिमणीला तुम्ही शोधून काय करणार? तुमचा काय संबंध? तिचं खरं नाव विचारू नका, मी सांगणार नाही. आणि मॅडम आज नाहीत वर. उद्याही नसतील.

पर्स राहिली तुमची. ही घ्या. जिना उजवीकडे. जाताना पुढच्यांना आत पाठवा, आणि दार ओढून घ्या.